शाई, सूत आणि कोटींचे स्पीकर

अमेरिकेतील विल्सन ऑडिओ या कंपनीने २०१७ मध्ये स्पीकरची एक जोडी बाजारात आणली. माणसाच्या उंचीहून उंच असलेल्या या जोडीची किंमत होती ६ लाख ८५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने चार कोटी रुपयांहून अधिक. एवढ्या पैशात यवतमाळसारख्या शहरात बंगला बांधून वर शेती घेता येईल. मग हे पैसे नेमके कशाचे? लाकडाचे, चुंबकाचे, नावाचे की आवाजाचे? आणि सामान्य कानाला त्यातला किती फरक कळतो?

या प्रश्नाची उकल करायला एका भारतीय शास्त्रज्ञाचे आयुष्य फार उपयोगी पडते. शाळेत दरवर्षी २८ फेब्रुवारीला त्यांचा फोटो लावला जातो, हार घातला जातो आणि प्रकाशाच्या विकिरणाबद्दल चार वाक्ये बोलली जातात. पण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाचा तो शोध लावण्यापूर्वी बरीच वर्षे आवाजाचा पाठलाग केला होता. एकतारी, वीणा, तंबोरा, व्हायोलिन, मृदंग आणि तबला ही त्यांची प्रयोगशाळेतील साधने होती.

वीणेचे घर

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीजवळ झाला. वडील चंद्रशेखर अय्यर गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांना संगीताची आवड होती. घरात विज्ञानाची पुस्तके आणि वाद्ये शेजारी शेजारी असत. अकराव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या या मुलाने जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ लहान वयात वाचला आणि त्याचा ठसा आयुष्यभर राहिला. स्वर कानाला गोड का लागतो, याला भौतिकशास्त्रात उत्तर असू शकते, हे त्यातून त्यांच्या मनात पक्के बसले.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये बी.ए. आणि १९०७ मध्ये एम.ए. झाल्यावर परदेशी जाण्याइतकी प्रकृती धडधाकट नव्हती. भारतात संशोधनाच्या नोकऱ्या जवळजवळ नव्हत्याच. रामन यांनी सरकारी वित्त खात्याची परीक्षा दिली, तीत पहिले आले आणि अठराव्या वर्षी कोलकात्यात सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवत असत.

कोलकात्यात बहूबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली एक विज्ञानसंस्था होती. संशोधक नसल्याने ती बहुतेक ओसच असे. रामन यांनी तिथे जाऊन काम करण्याची परवानगी मिळवली. सकाळी कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर ते तिथे तारा ताणत आणि कंपने मोजत. दिवसभर सरकारचे हिशेब आणि उरलेल्या वेळेत स्वरांचे, असे हे आयुष्य दहा वर्षे चालले. १९०९ मध्ये त्यांनी एका भारतीय गणितविषयक नियतकालिकात एकतारीवर लेख लिहिला. ज्या एकतारीवर भजने म्हटली जातात, तीच ही एकतारी.

नागपूरचा मुक्काम

१९०९ मध्ये त्यांची बदली रंगूनला आणि १९१० मध्ये नागपूरला झाली. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला होता आणि त्याचा कारभार नागपुरातून चाले. यवतमाळ जिल्हाही त्यातच होता. म्हणजे पुढे नोबेल मिळवणारा हा माणूस काही काळ आपल्याच प्रांताच्या राजधानीत सरकारी अधिकारी म्हणून काम करत होता. हा मुक्काम थोडाच ठरला, पण प्रयोग इथेही थांबले नाहीत. राहत्या घराचाच एक भाग त्यांनी प्रयोगशाळा केला. १९११ मध्ये ते पुन्हा कोलकात्याला गेले.

१९१७ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कोलकाता विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापकपद देऊ केले. सरकारी नोकरीत बढती, मान, निवृत्तिवेतन सगळे होते. प्राध्यापकाचा पगार त्याच्या जवळजवळ निम्मा होता. रामन यांनी निम्मा पगार घेतला. किंमत आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आपल्या आयुष्यात असे एकदा मोजून दाखवले.

तंबोऱ्यातील सूत

तारेच्या वाद्यांबद्दल युरोपात तेव्हा एक नियम मान्य होता. तार छेडली की तिच्यातून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. पण ज्या बिंदूवर तार छेडली, तो बिंदू एखाद्या उपस्वराच्या दृष्टीने स्थिर असेल, तर तो उपस्वर उमटत नाही. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर गायब होतो. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा हा नियम व्हायोलिन, पियानोला लागू पडे.

१९२१ मध्ये रामन यांनी दाखवले की वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत. कारण त्यांची घोडी. व्हायोलिनची घोडी वर धारदार असते, तार एका रेषेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलाकार असते. त्यात तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा धागा सरकवला जातो. धागा योग्य जागी आला की तार थरथरताना घोडीच्या पृष्ठभागाला पुनःपुन्हा अलगद स्पर्श करते आणि जे उपस्वर नियमाने उमटायला नकोत, तेही उमटतात. मिरजेचे कारागीर ज्याला जवारी काढणे म्हणतात, त्यामागचे हे शास्त्र. स्वर भरून येतो, खोली गुंजते, गाणाऱ्याला आधार मिळतो.

यासाठी खर्च किती? सुताचा एक बोटभर तुकडा. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात तो फुकटही मिळेल. पण घोडीचा उतार किती असावा आणि धागा कुठे थांबवावा हे ओळखणारा कान तयार व्हायला पिढ्या लागल्या. आवाजात पैशापेक्षा अधिक महाग काय असते, त्याचे हे पहिले उदाहरण.

खंजेरी आणि तबला

विदर्भातील कुठल्याही गावात भजनाला बसले की खंजेरी आणि तबला दोन्ही ऐकू येतात. दोन्ही चामड्याचीच वाद्ये. पण खंजेरीवर थाप मारली तर ठेका मिळतो, स्वर मिळत नाही. तबला मात्र गाणाऱ्याच्या सुरात लावता येतो. हा फरक का, हे रामन यांनी उलगडले.

ताणलेले साधे चामडे तारेसारखे शिस्तीत कंप पावत नाही. त्याची मूळ कंपनसंख्या एक धरली तर पुढची कंपने १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटीत येतात. कानाला त्यात स्वर सापडत नाही, नुसता धप्प आवाज येतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध जी काळी शाई असते, ती हे गणित बदलते. लोखंडाचे बारीक चूर्ण आणि खळ यांचे मिश्रण थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती बसवली जाते. मध्यभागी वजन वाढते, कडेला कमी राहते आणि अडनिडी कंपने सरकत सरकत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा सुरेल जागांवर येऊन बसतात.

१९२० मध्ये एस. कुमार यांच्यासह त्यांनी याविषयीची पहिली टिपण प्रसिद्ध केली. पुढे १९३४ मध्ये बंगळुरूहून सविस्तर लेख लिहिला. पुडीवर बारीक वाळू भुरभुरायची, ठरावीक जागी बोट टेकवून थाप मारायची आणि वाळू कुठे गोळा होते ते पाहायचे. जिथे चामडे हलत नाही तिथे वाळू साचते. या आकृत्यांवरून त्यांनी दाखवले की चामड्याची नऊ वेगवेगळी कंपने जुळून पाच सुरेल स्वर तयार होतात. पखवाजाच्या डाव्या पुडीला वारकरी कणीक लावतात, तीही वजन देऊन स्वर खाली आणण्याचीच युक्ती. लोहचूर्ण, खळ, कणीक आणि वाळू. या संशोधनाचे सगळे साहित्य स्वयंपाकघर आणि लोहाराच्या भात्याजवळ मिळणारे होते.

स्पीकरही एक पुडीच

रामन कोलकात्यात असतानाच, १९२५ मध्ये, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला. रचना साधी आहे. चुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे असते, त्याला कागदाचा शंकू जोडलेला असतो. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ते मागेपुढे हलते, शंकू हवा ढकलतो, आवाज येतो.

अडचण तीच, जी चामड्याची. खालच्या स्वरांना शंकू एकसंध हलतो. वरच्या स्वरांना त्याचे वेगवेगळे भाग आपापल्या मर्जीने थरथरू लागतात आणि मूळ गाण्यात नसलेला आवाज त्यात मिसळतो. वाद्याला स्वतःचा स्वभाव असावा लागतो. स्पीकरला तो असता कामा नये, त्याने जे आले ते जसेच्या तसे पुढे द्यावे. म्हणून महाग स्पीकरमध्ये शंकू हलका आणि ताठ करण्यावर खर्च होतो. पेटी स्वतः थरथरू नये म्हणून ती जाड आणि जड केली जाते. खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या शंकूंकडे वाटून देणारे विद्युत मंडल काळजीने जुळवले जाते. काही कंपन्या वरच्या स्वरांसाठी चक्क कृत्रिम हिऱ्याची पातळ घुमटी वापरतात, कारण हिऱ्याइतका ताठ पदार्थ दुसरा नाही.

इथे रामन यांची आठवण पुन्हा येते. बंगळुरूला गेल्यावर त्यांनी हिऱ्यांच्या रचनेवर अनेक वर्षे काम केले, त्यासाठी पदरचे पैसे घालून हिरे जमवले. स्वस्तातच विज्ञान होते असा त्यांचा हट्ट कधीच नव्हता. ज्या वस्तूतून प्रश्नाचे उत्तर मिळणार, तिच्यावर ते खर्च करत. मग ती वाळू असो की हिरा.

हिऱ्याची घुमटी सुमारे ७० हजार हर्ट्झपर्यंत एकसंध हलते असे तिचे उत्पादक सांगतात. माणसाचा निरोगी तरुण कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते, आणि पन्नाशीनंतर अनेकांना १२ ते १४ हजारांपलीकडचे काही ऐकू येत नाही. कोटींचे स्पीकर घेण्याची ऐपत येईपर्यंत ते पूर्ण ऐकण्याचे वय बहुधा निघून गेलेले असते.

माणसाचा हात बाजूला

व्हायोलिनवर गज किती दाबावा, किती वेगाने फिरवावा याचा आवाजावर काय परिणाम होतो, हे रामन यांना मोजायचे होते. पण वादक कितीही निष्णात असला तरी त्याचा हात दर वेळी थोडा बदलतो आणि त्याच्या आवडीनिवडी मोजमापात शिरतात. म्हणून १९२० मध्ये त्यांनी व्हायोलिन वाजवणारे यंत्रच तयार केले. त्यात गज जागेवर राही आणि व्हायोलिन मागेपुढे सरके. हात बाजूला झाल्यावर आकडे स्वच्छ मिळाले.

स्पीकरच्या बाबतीत हेच काम पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी केले. ऐकणाऱ्यांसमोर पडदा लावून त्यांनी वेगवेगळे स्पीकर वाजवले. ज्यांचा आवाज सर्व स्वरांना सारखा न्याय देतो, असे स्पीकर बहुतेकांना आवडले. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवले की पडदा काढला, स्पीकर दिसू लागले की त्याच माणसांचे गुण बदलतात. मोठा, दिमाखदार स्पीकर वर जातो, लहान आणि स्वस्त दिसणारा खाली येतो. म्हणजे किंमत डोळ्यांनाही ऐकू येते. यात कुणी खोटे बोलत नसतो. मेंदू कानाकडून आलेली माहिती डोळ्यांच्या माहितीत मिसळूनच आपल्यापुढे ठेवतो.

याचा अर्थ सगळे स्पीकर सारखेच असा होत नाही. हजार रुपयांचा डबा आणि नीट रचलेला स्पीकर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि ते पडद्याआडूनही कळते. पण किंमत चढत जाते तशी मिळणारी सुधारणा लहान होत जाते. वरच्या टोकाला पैसे जातात ते मोठ्या दालनात खालचे स्वर न फाटता वाजवण्यासाठी, आणि त्याहून अधिक कारागिरी, रंग, लाकूड व दुर्मीळतेसाठी. त्यांची हौस असण्यात काही गैर नाही. मात्र त्याला आवाजाची किंमत म्हणता येणार नाही.

गोलघुमटाची भिंत

१९२१ मध्ये रामन इंग्लंडला गेले, तेव्हा लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील कुजबुज सज्जात त्यांनी प्रयोग केले. तिथे भिंतीशी हळू बोललेले समोरच्या भिंतीशी ऐकू येते. आवाज भिंतीला धरून सरकतो हे लॉर्ड रॅले यांनी आधीच सांगितले होते. रामन यांना असे दिसले की भिंतीपासून आत येताना आवाज सरळ कमी होत जात नाही, तो वाढतो, घटतो, पुन्हा वाढतो. परतल्यावर विजापूरच्या गोलघुमटासारख्या भारतातील इमारतींचाही त्यांनी असाच अभ्यास केला. एकच आवाज, एकच जागा, पण दोन पावले सरकले की ऐकू येणारे वेगळे.

घरातली खोलीही असाच छोटा गोलघुमट असते. स्लॅब, फरशी आणि गिलाव्याच्या भिंतींवरून आवाज उलटतो, एका कोपऱ्यात खालचे स्वर घुमतात, दुसऱ्या कोपऱ्यात नाहीसे होतात. अशा उघड्या खोलीत कोटीचा स्पीकरही कर्कश वाजेल. स्पीकर कोपऱ्यातून फूट-दोन फूट पुढे ओढणे, जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, भिंतीशी पुस्तकांचे कपाट एवढ्याने जो फरक पडतो, तो दुप्पट किमतीचा स्पीकर आणूनही अनेकदा पडत नाही.

त्याच प्रवासातून एस. एस. नारकुंडा या बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने रामन यांना गाठले. समुद्र निळा का, या प्रश्नावरचे टिपण त्यांनी मुंबई बंदरातून धाडले. तिथून त्यांचा मार्ग हळूहळू प्रकाशाकडे वळला आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्या साथीने रामन परिणामाचा शोध लागला. त्या प्रयोगाच्या साधनांची किंमत सुमारे दोनशे रुपये होती असे सांगितले जाते. १९३० मध्ये नोबेल मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई. पण १९२७ मध्ये जर्मनीतील भौतिकशास्त्राच्या महाकोशात त्यांना लिहायला बोलावले गेले ते वाद्यांवर, प्रकाशावर नव्हे.

सगळ्यात महाग यंत्र

पुढचे आयुष्य बंगळुरूत गेले. १९३३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद, १९३४ मध्ये विज्ञान अकादमीची स्थापना, १९४८ मध्ये स्वतःची संशोधन संस्था, १९५४ मध्ये भारतरत्न. म्हातारपणी ते पुन्हा इंद्रियांकडे वळले. माणसाला रंग कसे दिसतात यावर त्यांनी १९६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तरुणपणी कान, उतारवयात डोळा. यंत्र कितीही चांगले असले तरी शेवटचे मोजमाप माणसाच्या शरीरातच होते, हे त्यांनी दोन्ही टोकांनी जाणले होते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याच संस्थेच्या बागेत त्यांना अग्नी देण्यात आला. तिथे आज एक झाड उभे आहे.

स्पीकरच्या किमतीचा हिशेब करताना हे शेवटचे मोजमाप बहुधा विसरले जाते. प्रत्येक कानाच्या आतल्या शंखाकृती भागात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि बाजारात त्यांना सुटा भाग मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलला हीच मर्यादा चार तासांवर येते. लग्नाच्या वरातीतील किंवा दुर्गोत्सवाच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ आवाज याच्याही वर जातो, तेव्हा हिशेब तासांचा राहत नाही, मिनिटांवर येतो. कानात शिटी वाजत राहणे, समोरच्याचे बोलणे अस्पष्ट वाटणे, टीव्हीचा आवाज सतत वाढवावा लागणे ही लक्षणे दिसली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवण तपासणी करून घ्यावी.

ज्याला चांगला आवाज हवा, त्याने खर्चाचा क्रम त्यामुळे असा ठेवावा: आधी कान जपावेत, मग खोली सुधारावी, मग शक्यतो डोळे मिटून ऐकून, ऐपतीप्रमाणे नीट रचलेला स्पीकर घ्यावा. त्यापुढे पैसे उरलेच, तर एखादा तंबोरा घ्यावा आणि सुताचा धागा कुठे थांबवायचा ते शिकावे.